विहिरीचा नाडा

"पात झालं का गं, मालन?" आबांनी काठावरनं विचारलं.

मी ओढ्याच्या डोहात गुडघाभर पाण्यात उभी होते. घायपाताच्या पेंढ्या दगडांखाली दाबून ठेवल्या होत्या, त्याला तो तेरावा दिवस. मी एक पान ओढून काढलं आणि नख लावलं. वरचा हिरवा गर सपकन निसटला, आतले रेशे पांढरे, सरळ, दोन-दोन हात लांब मोकळे झाले. पात झालं होतं, म्हणजे पाण्यात मुरून दोराला तयार होतं. त्याच दिवशी काढून झोडपायला हवं होतं. चैत्रातलं पाणी तापलेलं असतं आणि एकदा पात झालं की पुढं रोज रेशातला जीव कमी होत जातो.

"न्हाय," मी म्हणाले. "कच्चं हाय अजून. पाच दिस राहू द्या."

आबा "बरं" म्हणाले, विळा कमरेला खोचला आणि घराकडं गेले.

ते खाली उतरले नाहीत, पान हातात घेऊन बघितलं नाही. आमच्या घरात पद्धतच तशी होती. पात झालं की नाही हे बाईनं सांगायचं आणि दोर पुरुषानं वळायचा. आई होती तोवर आईनं सांगितलं, ती गेल्यावर मी सांगायला लागले. बाईनं एकदा सांगितलं की पुरुषानं पुन्हा हात घालून बघायचं नाही, इतका त्या शब्दावर भरवसा. त्या भरवशावर मी त्या दिवशी पाय दिला. जाणूनबुजून खोटं बोलले. पात कुजावं, त्यातला वाख म्हणजे रेशा नासावा, विहिरीचा नाडा होऊच नये म्हणून बोलले. मी एकोणीस वर्षांची होते आणि सकाळपासून माझं डोकं फिरलेलं होतं.

सकाळी सरपंच आमच्या दारात आला होता. त्याचं नाव सर्जेराव. मी त्याला अहो-जाहो करत नाही, तो मेला तेव्हाही केलं नाही.

आमचं गाव बोरखिंडी. मोठ्या दुष्काळाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. गावाची विहीर आठ पुरुष खोल आणि दर उन्हाळ्यात तिचा गाळ काढावा लागे. माणसं खाली सोडायला दर वर्षी नवा नाडा लागायचा, वीस वाव म्हणजे ऐंशी हात लांब, मनगटाएवढा जाड, तीन पेडांचा. तो आबा वळायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील वळायचे. आणि गावाची एक रीत होती. नवा नाडा विहिरीवर चढला की पहिली बैठक वळणाऱ्याच्या घरातल्या माणसाची. त्याला तळापर्यंत सोडायचं, वर ओढायचं, आणि तो जिता वर आला की मग बाकीचे उतरणार. कधीतरी आमच्या पणज्याच्या वेळी नाडा तुटला होता म्हणे आणि पाटलांच्या घरातला एक माणूस गेला होता. तेव्हापासून ही शिक्षा आमच्या घराला.

आणि विहीर कुठली? तर जिला आम्ही शिवायचं नाही ती. मांगवाड्यातल्या बाया कळशी घेऊन लांब उभ्या राहायच्या, कुणाला दया आली तर तो वरनं पाणी ओतायचा. पाणी काढायला आमचा हात चालत नव्हता. नाडा तुटतो का हे बघायला मात्र आमचा जीव चालत होता.

तर सर्जेराव आला. आमच्या ओट्याला टेकलासुद्धा नाही, अंगणातच उभा राहिला.

"रावजी, धा दिवसांत नाडा पायजे. औंदा गाळ लई साचलाय."

"व्हय मालक," आबा म्हणाले.

"नि पहिला शिरपा बसंल. तू आता वाळून गेलायस, तुझ्या वजनानं नाड्याचं काय कळणार?" असं म्हणून तो हसला.

"व्हय जी."

शिरपा म्हणजे माझा थोरला भाऊ. चोवीस वर्षांचा, अंगानं थोराड, तोंडानं मुका म्हटलं तरी चालेल असा. त्याची बायको तारावहिनी उंबऱ्यात जोंधळे निवडत होती. तिला सातवा महिना होता. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला राहवलं नाही.

"सरपंच, औंदा तुमच्या दत्ताजीला बसवा की. त्याचं वजन बी बक्कळ हाय."

सर्जेरावानं माझ्याकडं बघितलं नाही. तो आबांनाच म्हणाला, "पोरीला बोलायला शिकवलंस, रावजी. आता गप बसायला शिकीव." आणि धोतराचा सोगा उचलून चालता झाला.

"मालन, त्वांड आवर," आबा म्हणाले.

"का आवरू?"

"रीत हाय ती."

"कुणी घातलेली? त्यांनी घालायची नि आपण मरायचं?"

"नाडा आपण वळलेला. आपल्या हातच्या नाड्यावर बसायला आपण भ्यायचं व्हय?"

"भ्यायचा सवाल न्हाय, आबा. लोहार कुऱ्हाड करतो, ती आधी त्याच्या पोराच्या मानंवर चालवून बघत्यात का? सांगा की. कुंभाराला कुणी म्हणतं का, तुझ्या मडक्यातलं पाणी आधी तुझं पोर पिऊन जगू दे, मग आमी पितो?"

आबांनी कोपऱ्यातली दोर वळायची भिंगरी उचलली आणि तिची दांडी पुसायला लागले.

"तुमास्नी त्याचं भ्या वाटतंया," मी म्हणाले. "बाकी काय न्हाय."

तरी ते गप्प. त्यांच्या गप्प बसण्याची मला इतकी चीड होती की भांडं उचलून आपटावं वाटायचं. उभा जन्म त्या माणसानं "व्हय मालक" आणि "बरं" या दोन शब्दांत काढला होता. समोरचा बोलत असला की ते त्याच्या पायाकडं बघायचे. माझ्या बापाला मान वर करता येते की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

परवा कॉलेजची दोन मुलं वही घेऊन आमच्या दारात आली होती. दोराचे जुने शब्द लिहून घ्यायचे होते त्यांना. अंगणवाडीत तीस वर्षं काढलेली बाई, तोंड चालतंय, म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं असेल. मी सांगितले शब्द. बैलाच्या नाकातली वेसण, तोंडाची म्होरकी, हाकायचा कासरा, गोठ्यातलं दावं, भारा आवळायचं चऱ्हाट, मोटेचा नाडा आणि त्याच्या जोडीचा सोंदूर, दूध टांगायचं शिंकं, खळ्यावर बैलाला घालायचं मुसकं. एक जण म्हणाला, "आजी, एवढे शब्द गावात सगळ्यांना येत होते?" येत होते की, बाळा. दोराच्या वीतभर तुकड्यालासुद्धा गावानं नाव ठेवलं होतं. तो वळणाऱ्याला मात्र हाक मारताना "ए मांगा" एवढंच. हे पण लिही म्हटलं, तर तो पेन धरून नुसता बसून राहिला. असो. मी ओढ्याचं सांगत होते.

पाच दिवस मी रोज डोहावर जायचे, पेंढ्यांवरचे दगड नीट करून यायचे. चौथ्या दिवशी वास बदलला. झालेल्या पाताला आंबूस वास असतो, हा वेगळा होता, नाकाला पदर लावावा लागला. पाचव्या दिवशी मी एक रेशा काढला. काळा पडला होता. दोन बोटांत धरून ताणला तर आवाजसुद्धा न करता तुटला. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. आता आबा पात काढतील, हातात घेतल्याबरोबर त्यांना कळेल, आणि नवीन पात कापून कुजवायला दिवस उरलेले नाहीत. नाडा होणार नाही. सर्जेराव शिव्या देईल, आबा मला झोडतील, झोडू देत. शिरपादादा तर विहिरीत उतरणार नाही. बिनदोरीचं कोण कुणाला कुठं सोडणार?

घरी येऊन मी सांगितलं, "आबा, पात झालंय, काढा. मी मावशीकडं जाते, तिचा पाय सुजलाय." आणि आबा ओढ्याकडं निघायच्या आत मी माळेवाडीची वाट धरली. त्यांचं तोंड बघायची माझी तयारी नव्हती.

मावशीचा पाय धडधाकट होता. मी तिथं चार दिवस राहिले, तिच्या चुलीशी बसून सर्जेरावाच्या नावानं बोटं मोडली. पाचव्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेले, तिथं आमच्या गावचा सदू रामोशी भेटला.

"हितं काय करतीयास?" तो म्हणाला. "उद्या सकाळी विहीर हाय. तुझ्या आबानं नाडा काय वळलाय, वा. बघत राहावं असा."

माझ्या हातातली पाटी कलली. "कशाचा वळला?"

"कशाचा म्हंजे? वाखाचा. ओढ्यातनं पात काढत हुता ते मी बघितलं की."

मी पाटी खाली ठेवली. आधी मला खरंच वाटेना. चाळीस वर्षं दोर वळणारा माणूस, अंधारात नुसत्या हातानं वाख जुना की नवा ते सांगणारा. त्याला तो नासका रेशा कळला नाही, असं होणारच नाही. म्हणजे कळला. कळूनही वळला. सर्जेरावानं दहा दिवस म्हटले म्हणून दहा दिवसांत वळला, आणि उद्या त्याच नाड्याला पोटचं पोर बांधणार. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पात मी कुजवलं होतं, हे मला आठवत होतं, नाही असं नाही. पण रागाला सोय बघून विसरता येतं. सगळा दोष मी आबांच्या पदरात घातला आणि पहाट फुटायच्या आत मावशीला न सांगता निघाले.

माळेवाडी ते बोरखिंडी दोन कोस. मी अर्धी वाट चालले असेन, अर्धी पळाले. उन्हं वर आली तेव्हा विहिरीजवळचं लिंबाचं झाड दिसलं आणि झाडाखाली सगळा गाव.

शिरपादादा बैठकीत बसला होता. नाड्याच्या टोकाला झोका करतात, त्यात मांड्या घालून, पाय विहिरीत सोडून. नाडा वरच्या चाकावरनं येऊन मागं आमच्या वाड्यातल्या चार माणसांच्या हातात होता. आबा काठावर, एक हात नाड्यावर ठेवून उभे होते. त्यांच्या पायाशी दोन ओली पोती पडलेली मी बघितली, पण तेव्हा डोक्यात काही शिरत नव्हतं.

"थांबा," मी लांबनंच ओरडले. "दादा, ऊठ. नाडा नासका हाय."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. आबा म्हणाले, "मालन, घरी जा."

"न्हाय जायची." मी गर्दीतनं वाट काढत काठावर आले. धाप लागली होती, तरी शब्द स्पष्ट होते, ते अजून कानात आहेत. "समद्यांनी ऐका. ह्यातला वाख कुजलेला हाय. मीच कुजवला. पात झालं हुतं तवा आबाला कच्चं हाय म्हणून सांगितलं नि पाच दिस जास्ती पाण्यात ठेवलं. मुद्दाम ठेवलं. ह्या नाड्यानं माणूस मरंल."

"मालू, अगं येडे, ऐक..." शिरपादादा बैठकीतनं म्हणाला.

"तू गप." मी आबांकडं वळले. "आणि तुमी? तुमास्नी कळलं न्हाय व्हय? हातात धरला तवा कळलं न्हाय? त्या सरपंचाच्या भ्यानं पोराला बांधताय, आबा? तिकडं वहिनी पोटुशी बसलीया."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर राग असता तर मला सोसला असता. राग नव्हता. सगळं केलेलं काम पाण्यात गेल्यावर माणूस बघतो तसे ते बघत होते, आणि का ते मला समजेना.

मागच्या चार माणसांनी नाडा सैल सोडला होता. शिरपादादा घाईनं बैठकीतनं काठावर आला. तेवढ्यात लिंबाखालनं सर्जेराव पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"असं हाय तर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तरी मी म्हणतोय, रावजीला आज एकाएकी कंठ कसा फुटला. म्हणे आधी दगड, मग माणूस. म्हणे पोराला पहिलं बसवणार न्हाय. दोन पोती दगड खाली सोडली, वर घेतली, नि मला म्हणतोय बघा नाडा. मला वाटलं, ह्याला आपल्या हाताची घमेंड हाय. अरे, घमेंड कसली? नाडा कच्चा हाय हे ह्याला ठावं हुतं, म्हणून पोराला मागं ठेवलं. ह्याची पोरगीच सांगतीया."

मी त्या पोत्यांकडं बघितलं. ओली, चिखलानं माखलेली, आत दगडांचे कोपरे दिसत होते. एकेक पोतं माणसाच्या वजनाचं. मी येण्याच्या आधी ती विहिरीत जाऊन वर आली होती. आबांनी रीत मोडली होती. मी वाटेवर पळत होते, तेव्हा माझ्या बापानं सगळ्या गावासमोर रीत मोडली होती, आणि गावानं ती मोडू दिली होती. दादा पहिल्या बैठकीला बसलाच नव्हता. दगडांनी नाडा पारखून झाला, मग गाळाला कोण आधी उतरतंय असं विचारल्यावर तो आपणहून उठला होता, इतर गड्यांसारखा, फावडं घेऊन.

"पर सरपंच, दोन्ही पोती वर आली की," तुकानाना म्हणाले. म्हातारे होते, आडपडदा न ठेवता बोलायचे.

"दगड गेला तर दगड गेला, नाना. माणूस गेला तर तुमी भरून देणार हाय का? पोरगी म्हणतीया कुजवलाय. तुमचा पोरगा सोडता?"

तुकानानांनी मान फिरवली.

"हा वाख तो न्हवं, मालक," आबा म्हणाले. "तो मी टाकला. हा दुसरा."

"कोण इस्वास ठेवणार? बाप एक सांगतोय, पोरगी एक सांगतीया." सर्जेराव नाड्याला पायानं ढोसत म्हणाला. "रीत कशाला घातलीया मग? असल्याच दिसासाठी. बसीव घरचं माणूस."

मी जे मोडायला आले होते ते मीच पुन्हा जोडून सर्जेरावाच्या हातात दिलं होतं.

"सोडा मला," शिरपादादा म्हणाला आणि बैठकीकडं वळला.

आबांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. धोतर खोचलं, स्वतः बैठकीत मांड्या घातल्या आणि काठावर टेकले. अठ्ठावन्न वर्षांचं वय, वाळलेल्या पायांच्या शिरा दिसत होत्या.

"आबा, नको," मी म्हणाले.

"पुढं ये. नाडा तू सोड," ते म्हणाले.

"मी?"

"तूच."

मी चार माणसांच्या पुढं जाऊन नाडा धरला. आबा काठावरनं घसरले, चाक करकरलं आणि पहिला वाव माझ्या हातातनं सरकला. तेवढ्यात मला कळलं. तो ओढ्यातला वाख नव्हता. मामाकडचा होता. मामाच्या गावच्या डोंगरातलं घायपात आखूड असतं, पण त्याचा रेशा बारीक आणि चिवट, हाताला वेगळाच लागतो. लहानपणापासून तो माझ्या ओळखीचा. तीनही पेड एका मापाचे, पीळ असा बसलेला की मध्ये नख शिरायला जागा नाही. इतका चांगला नाडा आबांनी कधी वळला नव्हता. माझ्या हातानं तो सगळा, हातावर हात, पार टोकापर्यंत बघितला. त्यांनी मला का पुढं बोलावलं ते समजलं, पण उशीर झाला होता.

"नाडा चांगला हाय," मी म्हणाले. मग मोठ्यांदा म्हणाले, "सरपंच, मी चुकले. नाडा चांगला हाय. हा मामाकडचा वाख हाय."

"मघाशी नासका, आता चांगला," सर्जेराव म्हणाला. लोक हसले. "सोड, सोड. गप सोड."

आठ पुरुष खोलवरनं चिखलात पाय लागल्याची हाक आली. आम्ही नाडा वर ओढला. आबा काठाला आले तेव्हा गुडघ्यापर्यंत गाळानं काळे झाले होते. सर्जेराव त्यांच्यासमोर उभा राहिला.

"आता कसं," तो म्हणाला. "रीत मोडायची नसती, रावजी. देवानं तुझ्या पोरीला सुबुद्धी दिली म्हणायची."

आबा त्याच्या पायाकडं बघून म्हणाले, "व्हय मालक."

मला त्या क्षणी सर्जेरावाचं नरडं धरावंसं वाटलं. धरलं नाही. आता धरून काय होणार होतं? चिडायचे सगळे हक्क मी माझ्या हातानं घालवले होते.

दुपारी घरी कुणी जेवलं नाही. तारावहिनी माझ्याकडं पाठ करून बसली. शिरपादादा ओट्यावर फावड्याचा चिखल काढत होता. मी त्याच्याजवळ गेले. तो कधी दहा शब्द एका दमात बोलणारा माणूस नव्हे, त्या दिवशी बोलला.

"पात काढलं तवा आबांनी नुसतं नाकाला लावलं. मला म्हणाले, खड्डा घेऊन पुरून टाक, कुणाला दिसाया नको. मालनला बी काय इचारू नकोस. पोरगी कशापायी खोटं बोलली ते मला ठावं हाय, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सात कोस चालत मामाकडं गेले. मामानं पोळ्याच्या दाव्यांसाठी ठेवलेला वाख हुता, तो मागितला, नि डोक्यावर घेऊन आले. तीन दिस आमी दोघं वळत हुतो. तीनदा उसवला त्यांनी. म्हणाले, असा वळायचा की बघणाऱ्याला बोलाया जागा राहू नये. मग मी बोलणार."

"काय बोलले, दादा?"

दादानं फावडं खाली ठेवलं. "सर्जेराव म्हणाला, शिरपाला बसीव. तर आबा पोत्यापाशी उभं राहिले नि म्हणाले, 'नाडा माझा हाय, त्याची काय परीक्षा घ्यायची ती घ्या. पोरगं परीक्षेला न्हाय.' सरळ तोंडाकडं बघून बोलले, मालू. सरपंच तांबडा झाला, पर त्याच्या बाजूनं एक माणूस बोलला न्हाय. तुकानाना तर म्हणाले, रावजीचं खरं हाय. तू यायच्या आधी घटकाभर झालं हे सगळं."

एकोणीस वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघितली होती. त्यासाठी बापाचा राग राग केला होता, त्याला भित्रा म्हटलं होतं. ते वाक्य सगळ्या गावानं ऐकलं, मी ऐकलं नाही. मी त्या वेळी वाटेवर धावत होते, त्यालाच शिव्या देत.

आबा मागच्या दाराला हातपाय धूत होते. मी जाऊन उभी राहिले.

"आबा, मला मारा," मी म्हणाले.

"मारून काय व्हायचं?"

"मग पुन्हा जाऊ या त्याच्याकडं. मी सांगते समद्यांस्नी, माझी चूक. तुमी सकाळी बोलला ते पुन्हा बोला. मी तुमच्या संगं उभी राहते."

आबांनी तांब्यातलं उरलेलं पाणी पायावर ओतलं.

"असलं एकदाच बोलता येतं, पोरी," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा लोक हसत्यात."

पुढच्या चैत्रात सर्जेराव पुन्हा अंगणात येऊन उभा राहिला. मी पात तेराव्या दिवशी काढून, झोडपून, वाळवून ठेवलं होतं, एक दिवस इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता. मी दारातच होते आणि दात आवळून गप्प होते.

"रावजी, नाडा," एवढंच तो म्हणाला.

"व्हय मालक," आबा म्हणाले. "पहिला मीच बसतो."

त्यानं अजून विचारलंसुद्धा नव्हतं.